दाराची राखण : स्वयंचलित दारावरील सुरक्षा-सेन्सर आणि घरगुती देखभालीचा इतिहास
(विशेष संदर्भ : परभणी जिल्हा)

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना शोध, संशोधक आणि शोधाचे वर्ष यांना अग्रस्थान दिले जाते. शोधलेली वस्तू पुढे पन्नास वर्षे कोणी पुसली, तिला तेल कोणी घातले, ती बिघडल्यावर कोणाला बोलावले, याची नोंद सहसा होत नाही. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द शॉक ऑफ द ओल्ड' या ग्रंथात ही उणीव ठळकपणे मांडली. यंत्राचा इतिहास हा मुख्यतः त्याच्या वापराचा आणि देखभालीचा इतिहास असतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासलेखनात या दृष्टीने फारसे काम झालेले नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय वरकरणी किरकोळ वाटेल असा आहे. मोटार ठेवण्याच्या जागेचे विजेवर चालणारे दार किंवा बंगल्याचे सरकते फाटक बंद होत असताना मध्ये कोणी आले, तर ते थांबविणारा सेन्सर, आणि त्या सेन्सरची घरातील निगा. परभणी शहरातील वसमत रस्ता, जिंतूर रस्ता या परिसरातील नव्या वसाहतींमध्ये अशी फाटके व शटर दिसू लागली आहेत. त्यांची संख्या थोडी असली तरी त्यांच्यासमोर खेळणाऱ्या मुलांच्या दृष्टीने हा प्रश्न किरकोळ नाही. दार, त्यापासून संभवणारी इजा आणि ती टाळण्याची जबाबदारी ही तीन सूत्रे परभणी जिल्ह्यात कशी बदलत गेली, याचा येथे विचार केला आहे.

वाड्याचे दार आणि त्याची निगा

मराठवाड्यातील जुन्या वाड्याचा मुख्य दरवाजा दोन फळ्यांचा, जाड सागवानी, लोखंडी पट्ट्यांनी व खिळ्यांनी मढविलेला असे. दरोड्याच्या भीतीने त्याचे वजन वाढलेले होते. रात्री भिंतीतील खोबणीतून अडसर ओढला की बाहेरच्याला तो हलविणे अशक्य. एवढे जड दार दिवसातून अनेकदा उघडणे-लावणे घरच्यांनाही जिकिरीचे आणि मुलांच्या दृष्टीने धोक्याचे होते. त्यावर काढलेला तोडगा म्हणजे मोठ्या फळीतच बसविलेला लहान दिंडी दरवाजा. माणसांनी दिंडीतून वाकून ये-जा करावी. मोठे दार बैलगाडी, घोडा किंवा लग्नाची वरात यांच्यासाठीच उघडावे. दिंडी दरवाजाचा उल्लेख बहुधा संरक्षणाच्या संदर्भात केला जातो. जड फळीची हालचाल कमीत कमी करणे, हा त्याचा दुसरा उपयोगही तितकाच महत्त्वाचा मानला पाहिजे.

दाराच्या आत ढाळज असे. तेथे घरातील वयस्क मंडळी बसत, हिशेब होत, आल्यागेल्याची विचारपूस होई. दारात मूल घुटमळत असेल तर फळी लोटण्यापूर्वी हाक मारणारे कोणीतरी तेथे हमखास असे. आजच्या परिभाषेत बोलायचे तर ढाळजेतील म्हातारे माणूस हाच त्या दाराचा सेन्सर होता.

निगेची व्यवस्थाही ठरलेली होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात वर्णिलेल्या बलुतेदारीच्या चौकटीत सुतार व लोहार ही कामे करीत आणि सुगीला धान्याच्या रूपाने बलुते घेत. पावसाळ्यात लाकूड फुगून फळी घासू लागली की सुतार ती तासून देई. कडी-कोयंडा, बिजागरी ढिली झाली की लोहार ती ठोकून देई. फळ्यांना जवसाचे तेल चोळणे हे घरचे काम. खंडेनवमी-दसऱ्याला हत्यारे, अवजारे व उंबरठा यांची पूजा होई. त्या निमित्ताने वर्षातून एकदा तरी घरातील प्रत्येक लोखंडी वस्तू पुसली जाई. या व्यवस्थेबद्दल हळहळ व्यक्त करण्याचे कारण नाही. ती जातीने बांधलेल्या, हलक्या मोबदल्याच्या श्रमावर उभी होती आणि ती मोडली हे योग्यच झाले. तथापि, तिच्याबरोबर दाराची निगा राखणारा ठरलेला माणूसही गेला, आणि त्याच्या जागी दुसरा आला नाही, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदविली पाहिजे.

यंत्र आले, कायदा मागून आला

परभणी जिल्ह्यात शक्तीवर चालणारे यंत्र प्रथम घरात आले नाही. ते सरकीच्या गिरणीत आले. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग सुरू झाल्यावर सेलू, मानवत या कापसाच्या पेठांना महत्त्व आले आणि जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. फिरते रूळ, पट्टे आणि दाब देणारी यंत्रे यांच्यामुळे हात अडकण्याचा धोका येथील कामगाराच्या परिचयाचा झाला. ब्रिटिश हिंदुस्थानात १८८१ मध्ये पहिला फॅक्टरी कायदा झाला होता. परंतु परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने तो येथे लागू नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ नंतर हा प्रदेश भारतीय संघराज्यात आला आणि पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कक्षेत आला.

या कायद्यातील दोन कलमे प्रस्तुत विषयाशी थेट संबंधित आहेत. कलम २१ नुसार यंत्राच्या फिरत्या व धोकादायक भागांना कुंपण घालणे मालकावर बंधनकारक झाले. कलम २८ हे कारखान्यातील उद्वाहकांविषयी म्हणजे लिफ्टविषयी होते. फाटक पूर्ण बंद झाल्याशिवाय लिफ्ट हलू नये अशी जोडणी असावी, आणि सक्षम व्यक्तीने दर सहा महिन्यांनी तिची कसून तपासणी करून नोंद ठेवावी, असे त्यात म्हटले होते. म्हणजे 'सुरक्षेचे साधन बसवा' एवढ्यावर कायदा थांबला नाही. 'ते चालते का हे ठरावीक मुदतीने पाहा' असेही त्याने सांगितले. मुंबईत निवासी इमारतींतील लिफ्टसाठी याहून आधी, १९३९ मध्येच, मुंबई लिफ्ट कायदा झाला होता. महाराष्ट्रात त्याची जागा २०१७ च्या लिफ्ट, सरकते जिने व सरकते मार्ग कायद्याने घेतली. लिफ्टच्या दारातून हात घातला की दार मागे सरते, हा अनुभव शहरात जाणाऱ्या प्रत्येकाला आहे. गॅरेजच्या दारावरील सेन्सरचा हा जवळचा नातेवाईक होय.

शेतकऱ्याच्या घराशी मात्र कायदा पोहोचला तो मळणीयंत्राच्या निमित्ताने. खळ्यावर बैलांची पात धरून होणारी मळणी मागे पडून विजेची व ट्रॅक्टरची मळणीयंत्रे आली, तेव्हा पेंढी आत सारताना हात ओढला जाऊन मनगटापासून तुटण्याचे अपघात देशभर घडू लागले. त्यातून १९८३ चा धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम संमत झाला. त्याआधी १९७९ मध्ये भारतीय मानक ९०२० तयार झाले होते. पेंढी सारण्याच्या पन्हळीची एकूण लांबी किमान ९० सेंटिमीटर असावी आणि त्यातील ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला असावा, असे ते सांगते. माणसाचा हात ड्रमपर्यंत पोहोचूच नये, हा त्यामागचा साधा हिशेब. परंतु लांब पन्हळीने काम हळू होते. सुगीची घाई, डोक्यावर पावसाचे ढग आणि तासावर ठरलेले भाडे अशा स्थितीत झाकण काढून ठेवणे किंवा पन्हळ कापून आखूड करणे हे प्रकार सर्रास होत आले. साधन होते, मानक होते, कायदाही होता. खळ्यावर त्या घटकेला तपासणारे कोणी नव्हते. हा अनुभव पुढील विवेचनात लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

गॅरेजच्या दाराची कथा

विजेवर चालणारे घरगुती दार अमेरिकेत जन्मले. सी. जी. जॉन्सन यांनी १९२१ मध्ये वर उचलले जाणारे दार तयार केले आणि १९२६ मध्ये ते उघडणारे विद्युत यंत्र आणले. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरे वाढली, प्रत्येक घराला गाडी आली आणि गाडीतच बसून बटण दाबायचे दूरनियंत्रक आले. तेथे बहुसंख्य कुटुंबांची रोजची ये-जा गॅरेजमधूनच होऊ लागली. अनेक घरांत पुढचे दार केवळ पाहुण्यांसाठी उरले.

याची किंमत मुलांनी मोजली. उतरत्या दाराखालून पळत जाण्याचा खेळ, किंवा बटण दाबून धावत बाहेर पडण्याची सवय जीवघेणी ठरली. दार कशाला तरी टेकले की उलट फिरावे, अशी तरतूद त्या काळच्या यंत्रांत होती; पण ती दाराला किती जोर लागतो यावर अवलंबून असे, आणि जोर मोजणारा भाग कालांतराने बिघडे किंवा चुकीचा जुळविलेला असे. १९८० च्या दशकात अशा दारांखाली दगावलेल्या मुलांची संख्या डझनांनी मोजावी लागते. अखेर अमेरिकी काँग्रेसने १९९० च्या ग्राहक उत्पादन सुरक्षा सुधारणा कायद्यात या दारांविषयी स्वतंत्र तरतूद केली. १ जानेवारी १९९३ पासून तयार होणाऱ्या प्रत्येक घरगुती यंत्राला अडकण्यापासून संरक्षण देणारे बाह्य साधन असणे तेथे सक्तीचे झाले. प्रकाशकिरणाचा सेन्सर किंवा दाराच्या खालच्या कडेला बसविलेली दाबसंवेदी पट्टी, असे त्याचे मुख्य प्रकार. किरण जमिनीपासून सहा इंचांहून उंच असू नये, असा दंडक पडला, कारण रांगणारे मूल त्याखालून निसटता कामा नये.

मराठी वाचकाला ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. १९९० नंतर संगणक क्षेत्रातील नोकऱ्यांसाठी मराठवाड्यातीलही अनेक तरुण अमेरिकेत गेले. नातवंडे सांभाळण्यासाठी त्यांचे आईवडील सहा-सहा महिने तेथे राहतात. दिवसभर घरात आजी-आजोबा, लहान मूल आणि भिंतीवरचे एक बटण असतात. परभणीच्या ढाळजेत बसलेल्या माणसाला दार कसे वागते हे पुरते ठाऊक असे. या आजोबांना ते कोणी समजावून सांगितलेलेच नसते.

सेन्सरचे तत्त्व

प्रकाश पडला की धातूतून विद्युतकण बाहेर पडतात, ही घटना हाइनरिख हर्ट्झ यांच्या १८८७ च्या प्रयोगांत प्रथम आढळली आणि १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी तिचे स्पष्टीकरण दिले. आजच्या सेन्सरमध्ये अर्धवाहक वापरले जातात. एका बाजूचा दिवा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण ठरावीक लयीत सोडतो, समोरचा ग्राहक ती लय ओळखतो. किरण पोहोचत आहे तोवर वाट मोकळी. पोहोचला नाही की दार थांबते वा मागे फिरते.

येथे एक बारकावा आहे. सेन्सर 'अडथळा आला' असा संदेश पाठवत नाही. 'वाट मोकळी आहे' असा संदेश सतत पाठवत राहतो आणि तो खंडित होणे हाच इशारा मानला जातो. रेल्वेच्या जुन्या हातदार सिग्नलची रचना याच विचाराची होती. तार तुटली तर सिग्नलचा हात आपोआप आडवा होऊन गाडीला थांबण्याची खूण करी. पूर्णा जंक्शनसारख्या ठिकाणी रेल्वेत नोकरी केलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. या रचनेमुळे धूळ बसलेला, वाकडा झालेला किंवा वायर तुटलेला सेन्सर दार बंदच होऊ देत नाही. मळलेला सेन्सर त्रासदायक असतो, धोकादायक नसतो. धोका निर्माण होतो तो त्या त्रासाला कंटाळून माणूस जे करतो त्यातून.

परभणीची माती, ऊन आणि धूळ

हा त्रास परभणीत अधिक होण्याची कारणे भौगोलिक आहेत. जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या कसदार जमिनीचा. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला खोल भेगा पडतात. वरवरच्या पायावर उभा केलेला फाटकाचा खांब तिच्याबरोबर झुकतो. गवंड्याच्या नजरेला न जाणवणारा झुकावही समोरासमोरच्या दोन सेन्सरांची नजर चुकविण्यास पुरेसा होतो. जुळणी पाहण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. दोन्ही सेन्सरांच्या मध्याला दोरा ताणून पाहिला आणि ग्राहकावरचा छोटा दिवा स्थिर आहे ना हे तपासले की काम होते. पावसाळ्याच्या शेवटी एकदा आणि मे महिन्यात एकदा हे करणे येथील जमिनीच्या स्वभावाला धरून आहे.

दुसरे कारण ऊन. दुपारनंतरचे तिरपे ऊन ग्राहकाच्या काचेवर थेट पडले तर त्याला किरण ओळखता येत नाही. सकाळी व्यवस्थित चालणारे दार रोज संध्याकाळी पाच वाजता अडते, अशी तक्रार बहुधा यातून येते. पश्चिमेकडे तोंड असलेल्या जागी किरण सोडणारा भाग ठेवून ग्राहक त्याच्या समोर, सूर्याकडे पाठ करून बसविला, किंवा त्याला छोटी टोपी लावली, की तक्रार थांबते. वळवाच्या आधीची धूळ, सुगीतला भुसा, पावसाळ्यात दिव्याभोवती जमणारे किडे आणि त्यांच्यासाठी कोळ्याने विणलेले जाळे, ही बाकीची कारणे. काच कोरड्या मऊ फडक्याने, वीज बंद करून पुसावी. घरातील दारे-खिडक्या रॉकेल किंवा थिनरने पुसण्याची जी सवय आहे ती येथे उपयोगाची नाही. प्लास्टिकची काच त्याने कायमची धुरकट होते.

पुसणे आणि जुळविणे याहून महत्त्वाची आहे ती चाचणी. अमेरिकेत रुळलेली पद्धत अशी की महिन्यातून एकदा दाराच्या वाटेत जमिनीवर दीड इंच जाडीची फळी आडवी ठेवावी. दार तिला टेकताच दोन सेकंदांत उलट फिरले पाहिजे. शिवाय दार बंद होत असताना एखादे पुठ्ठ्याचे खोके काठीने किरणात सरकवावे. हात किंवा पाय घालून कधीही पाहू नये. सरकत्या फाटकाला एकच किरण पुरत नाही. ट्रॅक्टरची ट्रॉली उंच असते, तिच्या चाकांमधून खालचा किरण आरपार जातो आणि फाटक ट्रॉलीवर आदळते. म्हणून वर एक दुसरी जोडी हवी. दाराचे वजन तोलणाऱ्या स्प्रिंगला मात्र घरच्यांनी हात लावू नये. तिच्यात साठलेला ताण मनगट मोडण्याइतका असतो.

विजेचाही विचार करावा लागतो. २००५ नंतरच्या काही वर्षांतील भारनियमन मराठवाड्याने सोसले आहे. वीज गेल्यावर मोटार सोडवून दार हाताने उघडण्याची किल्ली असते. ती कोठे आहे आणि कशी फिरवायची हे घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीला माहीत असणे हा देखभालीचाच भाग आहे.

'जोडून टाकलेला' सेन्सर

फाटक वारंवार अडू लागले की कारागिराला बोलावले जाते. फाटकाच्या नियंत्रण-फलकावर सेन्सरसाठी दोन टोके असतात. ती दोन टोके तांब्याच्या छोट्या तुकड्याने जोडली की फलकाला 'वाट मोकळी आहे' असा संदेश कायमचा मिळू लागतो. दोन मिनिटांचे काम. फाटक पुन्हा सुरळीत चालते, घरमालक समाधानी होतो, कारागिराला मजुरी मिळते. भिंतीवर सेन्सर दिसत राहतो, पुष्कळदा त्याचा दिवाही जळत असतो. सुरक्षा गेलेली आहे हे कोणालाही दिसत नाही. मळणीयंत्राची कापलेली पन्हळ निदान डोळ्यांना दिसे. हा तांब्याचा तुकडा झाकणाआड असतो. महिन्याची चाचणी आवश्यक ठरते ती याच कारणाने, कारण हे उघडकीस आणणारा दुसरा मार्ग घरमालकाकडे नाही.

अमेरिकेतील १९९३ नंतरच्या यंत्रांत यावर काही उपाय आहे. सेन्सर काढला किंवा त्याची वायर तोडली तर दार दूरनियंत्रकाने बंदच होत नाही. भिंतीवरचे बटण दार पूर्ण बंद होईपर्यंत दाबून धरावे लागते. म्हणजे बंद करणारा माणूस दारासमोर उभा राहतो आणि वाट पाहतो. ढाळजेतील माणसाला यंत्रानेच परत बोलावल्यासारखे हे झाले. आपल्याकडे घरगुती फाटकांच्या बाजारात अशी स्वतःची तपासणी करणारी यंत्रे आणि साध्या दोन टोकांची स्वस्त यंत्रे शेजारी-शेजारी विकली जातात. खरेदीच्या वेळी मोटारीची ताकद आणि किंमत विचारली जाते. हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

जबाबदारी कोणाची, याविषयी ब्रिटनमधील अनुभव बोलका आहे. २०१० च्या उन्हाळ्यात तेथे मँचेस्टर आणि ब्रिजेंड येथे अवघ्या काही दिवसांच्या अंतराने दोन लहान मुली निवासी संकुलांच्या विद्युत फाटकांत सापडून मृत्युमुखी पडल्या. ब्रिजेंडच्या प्रकरणात फाटक बसविणाऱ्या कंपनीबरोबर देखभालीचे काम घेतलेल्या कंपनीलाही न्यायालयाने दंड ठोठावला. देखभाल करणाऱ्याने फाटक चालते का एवढेच पाहून भागत नाही, ते किती जोराने आदळते हेही पाहिले पाहिजे, हे त्यातून प्रस्थापित झाले.

परभणीत आज एखाद्या इमारतीत लिफ्ट बसविली तर तिला परवाना लागतो आणि निरीक्षकाची तपासणी असते. त्याच इमारतीच्या वाहनतळाचे तीन-चारशे किलो वजनाचे सरकते फाटक विजेवर चालू लागले, तर त्याची अशी नोंद कोणत्याही दप्तरी होत नाही. कारखान्यांविषयीचा कायदा घराच्या उंबरठ्यापाशी थांबतो, धोकादायक यंत्रांच्या कायद्याचा रोख मळणीयंत्राकडे आहे, आणि लिफ्टचा कायदा लिफ्टपुरता आहे. शहरात २०११ पासून महानगरपालिका आहे. बांधकाम पूर्णत्वाचा दाखला देताना फाटकाची एक चाचणी घेणे आणि ती कोणी घेतली हे लिहून ठेवणे, एवढे तिच्या आवाक्याबाहेरचे नाही. तोवर ही तपासणी घरमालकाकडेच राहते आणि तिच्यासाठी लागते ती दीड इंच जाडीची एक फळी.